न केलेले एकशे बारा प्रवास

२ मार्च, सोमवार

बोलावणं आलं. मेलवर आलं आणि मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बसवत होते, म्हणून लेकीनं तिच्या हॉस्टेलवरून फोनवर वाचून दाखवलं. प्रवासाचे ब्लॉग लिहिणाऱ्यांचं तीन दिवसांचं संमेलन. दीडशे माणसं येणार. रविवारी सकाळी अकरा वाजता ‘वाटेवरचे थांबे’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं, आणि बोलणार कोण, तर मी. लेक म्हणाली, आई, आता नाही म्हणू नकोस हं. मी कशाला नाही म्हणतेय? चेन पुरी बसवली, दोनदा वरखाली करून बघितली आणि कळवून टाक म्हटलं, येते.

ही वही दुसरं कुणी वाचत नाही, तेव्हा खरं काय ते लिहिते. ‘पुढचा थांबा’ या माझ्या ब्लॉगवर एकशे बारा लेख आहेत, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी मी गेलेले नाही. जातात ते आमचे ड्रायव्हरसाहेब. तेवीस वर्षं ट्रक चालवतात, फरशा पोचवतात. संध्याकाळी गाडी लावली की फोन करतात. कुठला पंप, कुठली टपरी, कोण भेटलं, काय खाल्लं, सगळं सांगतात. मी कानात वायर घालून तुरपाई करत ऐकते आणि सकाळी लिहून काढते. लिहिताना ‘मी’ म्हणते. ‘आमचे हे म्हणाले’ असं लिहिलं तर कोण वाचणार? पहिल्या लेखाला लोकांना वाटलं की ही बाई एकटी फिरते. मी वाटू दिलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

हे खोटं आहे का? मला नाही वाटत. डोळे त्यांचे, शब्द माझे. संसारात सगळं असंच वाटून घेतलेलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं आहे खरं. दीडशे फिरस्त्यांमध्ये कुणी एक आडवा प्रश्न विचारला की संपलं. ब्लॉग गेला तर मी पुन्हा नुसती चेनवाली. चेनवाली असण्यात वाईट काही नाही, पण सहा वर्षं मी आणखी काहीतरी होते आणि ते मला फार आवडतं.

५ मार्च, गुरुवार

ड्रायव्हरसाहेब दोन दिवस घरी. बोलावण्याचं कौतुक त्यांना माझ्यापेक्षा जास्त. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून आले, वरच्या मजल्यावर सांगून आले, स्वतःच चहा करायला घेतला आणि अर्धा कपाबाहेर बशीत सांडला. म्हटलं, एवढं हुरळून जायचं कारण नाही, भाषण मला करायचंय. हसले आणि बशीतला पिऊन टाकला.

त्यांचं लायसन या महिन्यात संपतंय. नव्या फॉर्मबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. फॉर्म मला भरायला दिला, अक्षर माझं चांगलं म्हणून. मी भरला. दाखल्याची जागा रिकामी राहिली. उद्याच जाऊन या म्हटलं तर म्हणाले, तुझं भाषण कधी आहे? पंधराला. मग ते झालं की सोळाला बघू. यांचं हे नेहमीचंच. आजचं काम उद्यावर आणि उद्याचं सासऱ्यांवर. सासरे जाऊन बारा वर्षं झाली.

बाकी माणूस सुधारलाय, हे मात्र लिहून ठेवायला पाहिजे. एक तर हल्ली अंधार पडल्यावर गाडी चालवत नाहीत. पाच वाजले की लावतात. वय झालं म्हणतात. बरंच झालं, माझ्या जिवाचा घोर कमी. दुसरं, सांगायची पद्धत. पूर्वी नुसते रंग सांगायचे. त्यात चूक माझीच. शिंपिणीला पहिल्यापासून रंगांची खोड. टपरीची भिंत कशी? तर म्हणायचे, तुझ्या जीनच्या दोऱ्यासारखी, पिवळी नाही अन् तपकिरीही नाही. मी तसंच लिहायचे. मग नोव्हेंबरात कुठंतरी वाचलं की चांगल्या प्रवासवर्णनात पाचही इंद्रियं लागतात. मी फोनवर फैलावर घेतलं. तुम्ही काय रंगाच्या दुकानातले आहात का? आवाज सांगा, वास सांगा, हाताला काय लागलं ते सांगा. आणि काय सांगू, आठ दिवसांत फरक! ओल्या पोत्यांचा वास, केटलीचं झाकण कसं थडथडतं, बाक कुठं खरबरीत आहे. वाचणारे दुप्पट झाले. हे बोलावणंही त्या चार महिन्यांतल्या लेखांवरच आलंय. श्रेय ज्याचं त्याला द्यावं, आणि ते माझं आहे.

९ मार्च, सोमवार

ते गेले गाडी घेऊन. लेकीनं फोनवर तासभर माझी परीक्षा घेतली. सगळ्यात आवडलेला थांबा कोणता, एकटीनं फिरताना भीती वाटत नाही का, आणि असलंच. मी फडाफडा उत्तरं दिली. शेवटी ती म्हणाली, आई, तू घाबरत कशी नाहीस? म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायलासुद्धा उंटावर बसता यावं लागतं.

निळा ब्लाऊज उसवून बाही नीट केली. बॅग वरच्या मजल्यावरून मागून आणली, आमच्याकडे बॅगच नाही. एकशे बारा प्रवास आणि घरात बॅग नाही, यावर मला एकटीलाच हसू आलं.

१३ मार्च, शुक्रवार

पोचले. साडेपाच तास बस, खिडकीची जागा. पहिला तास बघतच राहिले. रस्ता माणसाला सांगून कळतो त्यापेक्षा फारच जोरात जातो. एक गोष्ट बघून ती मनात मांडेपर्यंत दुसरी गेलेली. हे ड्रायव्हरसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. नंतर झोप लागली आणि निम्मा प्रवास झोपेत गेला, हेही लिहून ठेवते.

हॉटेलात खोली मिळाली आणि किल्लीऐवजी पत्त्याएवढं कार्ड. दार उघडलं, पण दिवे लागेनात. सगळी बटणं दाबली. पडदा लावलेला, तो सरकवायची दोरी सापडेना. शेवटी पलंगावर हात जोडून बसले. वीस मिनिटांनी माझ्या खोलीतली दुसरी बाई आली. पोरगीच, सायकलवर देशोदेशी फिरते. तिनं कार्ड भिंतीतल्या खाचेत घातलं आणि लख्ख उजेड. ती म्हणाली, तुम्ही अंधारात बसला होता? मी म्हटलं, मी हॉटेलात कधी उतरत नाही. अक्षरशः खरं आहे ते. तिच्या चेहऱ्यावर असा काही आदर आला की मी पुढं बोललेच नाही.

खाली गळ्यात अडकवायचं ओळखपत्र देत होते. त्यावर नाव, ब्लॉग आणि खाली एक चौकट, ‘किती देश पाहिले?’ लोक आपले चाळीस, त्रेसष्ट असे आकडे घालत होते. एका टोपीवाल्यानं एकशे एक घातले होते आणि ते दिसावेत म्हणून तो ओळखपत्र सारखं सरळ करत होता. मी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘मोजले नाहीत.’ यात काय खोटं आहे? शून्य कुणी मोजतं का? तर संध्याकाळपर्यंत बोभाटा. टोपीवाला स्वतः येऊन हात मिळवून गेला, म्हणाला, खरा प्रवासी असाच असतो. सायकलवालीनं आपला आकडा खोडून टाकला. मला आतून हसू फुटत होतं आणि थोडी लाजही वाटत होती. पण हसू जास्त होतं.

ड्रायव्हरसाहेबांना फोनवर हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. ते उद्या या बाजूलाच येणार आहेत, इथून बसनं दोन तासांवरच्या पंपावर. म्हणाले, भाषण दणक्यात कर. म्हटलं, ते तुम्ही मला सांगू नका.

१४ मार्च, शनिवार

दुपारी हा पहिला तुकडा लिहिते आहे, कारण मला फार आनंद झालाय.

सकाळी लेखनाची कार्यशाळा होती. दहा जण आणि एक संपादकबाई. प्रवासाचं मासिक चालवतात, केस पिकलेले, बोलणं तोलून मापून. त्यांनी प्रत्येकाचे लेख आधी वाचून ठेवले होते. टोपीवाल्याला म्हणाल्या, तुमच्या लेखात तुम्हीच फार दिसता, ठिकाण कुठं दिसत नाही. मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमचं नोव्हेंबरनंतरचं लेखन मी तीनदा वाचलं. त्यात एकही रंग नाही. आधी तर पानोपानी रंग होते. आता सगळं ऐकू येतं, वास येतो, हाताला लागतं, पण डोळ्याला काही दिसतच नाही. हा प्रयोग तुम्ही शेवटपर्यंत पाळलात कसा? एखादा तरी रंग चुकून निसटतोच.

मी ताठ बसून सांगितलं, शिस्त लागते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवायला जाताना सायकलवाली म्हणाली, मला तर डोळे मिटून वाचल्यासारखं वाटतं.

संध्याकाळ.

तीन वाजता सगळे समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढायला गेले. मी गेले नाही. संपादकबाईंचं ते ‘निसटतोच’ डोक्यातून जाईना. लेकीचा जुना लॅपटॉप उघडला आणि नोव्हेंबरपासूनचे सगळे लेख वाचले. एकोणीस लेख. लाल नाही, पिवळा नाही, काळासुद्धा नाही. मी त्यांना फक्त म्हटलं होतं की वास आणि आवाजही सांगा. रंग सांगू नका असं म्हटलं नव्हतं. आणि ज्या माणसाला मी आजवर ‘ओला टॉवेल पलंगावर टाकू नका’ हे शिकवू शकले नाही, त्याला चार महिने एकही रंग न सांगण्याची शिस्त माझ्या एका फोननं लागली?

मग एकेक आठवायला लागलं. बशीत सांडलेला चहा. फॉर्म. पाच वाजता लावलेली गाडी. जानेवारीत त्यांनी मला सुईत दोरा ओवून देणं बंद केलं. इतकी वर्षं तेच देत होते. मला वाटलं, कंटाळले.

साडेपाचला त्यांचा फोन आला. नेहमीसारखं सुरू झालं. पंपामागं कुणीतरी रबर जाळतंय, वास नाकात बसलाय, शटर ओढलं की किंचाळतं. मी मध्येच म्हटलं, समोर पाटी आहे का? आहे म्हणाले. मोठी आहे. म्हटलं, वाचा.

त्यांनी घसा खाकरला.

“मोठी आहे गं पाटी,” ते म्हणाले.

“ते नाही विचारलं मी. काय लिहिलंय?”

“कशाला उगीच. तुझं उद्या भाषण आहे.”

मी खोलीत उभी होते ती खाली बसले. आधी रडू आलं आणि मग राग आला. कधीपासून विचारलं. म्हणाले, डोळे काही गेलेले नाहीत, थोडं धुकं दिसतं एवढंच, दिव्यांभोवती कडी दिसतात, दिवसा चालतं, हळू चालवतो, रस्ता ओळखीचा आहे.

“रस्ता ओळखीचा आहे,” मी म्हटलं. “रस्त्यावरची माणसं नाहीत. उद्या कुणाचं लेकरू आडवं आलं तर काय ओळख दाखवणार आहात त्याला?”

मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता पंपाच्या मॅनेजरला फोन द्या. दिला. त्या भल्या माणसाला मी सगळं सांगितलं आणि किल्ली त्याच्या गल्ल्यात ठेवायला लावली. ती आत पडल्याचा आवाज मी ऐकला, तेव्हाच फोन परत त्यांना द्यायला सांगितलं. मग ट्रकच्या मालकांना फोन केला. त्यांनी दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणून सांगितलं, आणि बाई तुम्ही नीट केलंत असंही म्हणाले. ड्रायव्हरसाहेबांना म्हटलं, मी आत्ताच निघते. तर तेवढ्यावर मात्र हटून बसले. किल्ली गेली, आता मी कुठं जाणार आहे? बाकावर बसून राहतो. पण तू अकरा वाजता बोलायचं. तू नाही बोललीस तर हे सगळं मी कशासाठी केलं?

काय केलं, कशासाठी केलं, ते त्या क्षणी मला कळलं नाही. नुसतं बरं म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिने मी त्या माणसाचं बोलणं शब्द न् शब्द उतरवून घेत होते.

१५ मार्च, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

भाषण केलं. पाठ केलेलं एक वाक्यही बोलले नाही. स्टेजवर उभी राहिले, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की मी कपडे दुरुस्त करते, आणि शुक्रवारी इथं आले तो माझा पहिला प्रवास. एकशे बारा थांबे माझ्या नवऱ्यानं बघितले. मी घरात बसून ऐकले. ‘मी’ लिहिलं ते चुकलं. आणि त्यातला शेवटचा एकोणीस थांब्यांचा जो प्रयोग तुम्हाला आवडला, तो प्रयोग नव्हता. त्यांना दिसत नव्हतं, आणि मला वाटलं की मी त्यांना लिहायला शिकवलं.

संयोजकांचं तोंड एवढंसं झालं. दोघं उठून गेले. टोपीवाल्यानं हात वर केला. मला वाटलं, आला आडवा प्रश्न. आलाच. म्हणाला, म्हणजे तुम्ही प्रवासी नाहीच?

म्हटलं, नाही. काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं की निदान ऐकता तरी येतं.

पंधरा मिनिटांतली सहाच झाली होती. उरलेल्या नऊ मिनिटांत मी त्यांना यांच्याबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच. वादळात अडकले तेव्हा तीन दिवस दुसऱ्या ड्रायव्हरांचे कपडे माझ्याकडून फोनवर विचारून कसे शिवत बसले ते. लोक हसले. सायकलवाली सगळ्यात आधी उभी राहिली, मग बरेच जण राहिले, काही बसून राहिले. त्यांचंही बरोबर आहे. संपादकबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ब्लॉगवर त्यांचं नाव कधी घालताय? मी म्हटलं, बस मिळाली की लगेच. घातलंय आता. पहिल्या पानावर, माझ्या नावाच्या आधी. ब्लॉग राहील की जाईल ते लोक ठरवतील. मला वाटतं राहील.

घरी आल्यावर.

पंपावर उतरले तेव्हा तीन वाजले होते. ते भिंतीकडेच्या बाकावर बसले होते, दाढी करून, केस विंचरून. मी रस्ता ओलांडून आले आणि पंधरा पावलांवर थांबले. भर ऊन होतं, मधे कुणी नव्हतं. ते सरळ माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी ओळख दिली नाही. एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि सभ्यपणे मान दुसरीकडे वळवली.

मी तिथेच उभी राहिले. मग गेले जवळ. अहो, म्हटलं, मी आहे. तेव्हा गडबडीनं उठले आणि पहिला प्रश्न विचारला, भाषण झालं का. झालं म्हटलं. चांगलं झालं? चांगलं झालं. मग खाली बसले आणि म्हणाले, “मी घरी बसलो असतो तर तू काय लिहिलं असतंस?”

एवढ्यासाठी. गाढवासारखं, एवढ्यासाठी. मी भर पंपावर त्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मग तोच दंड धरून बसले. ते म्हणाले, मार अजून. म्हटलं, घरी गेल्यावर.

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. आधी डावा, महिन्यानं उजवा. काढला की दिसेल, आणि त्या ठामपणे म्हणाल्या की चांगलं दिसेल. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. बाईंना माणसं कळतात. लायसनचा फॉर्म कपाटात ठेवला. दाखला मिळाला तर देऊ, नाही मिळाला तर नाही. मालकांनी गोदामात फरशा मोजून घ्यायचं काम देऊ केलंय. मी दोघांसाठी बसचे थांबे बघून ठेवलेत. या वेळी मीही जाणार आहे, आणि खिडकीशी मी बसणार. ब्लॉगवर दोनशेच्या वर पत्रं आलीत. चाळीसेक जण मला ढोंगी म्हणतात, बाकीचे यांच्या डोळ्यांबद्दल विचारतात. सगळ्यांना उत्तर देणार आहे, ढोंगी म्हणणाऱ्यांना आधी.

रविवारचं एक लिहायचं राहिलं. चार दिवस टाळलं.

निघताना त्यांची पिशवी गाडीत राहिली होती. ती काढायला मी वर चढले. तेवीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच चढले. पंपाचा मॅनेजर खाली उभा होता. म्हणाला, माणूस फार टापटिपीचा हो तुमचा. किल्ली माझ्याकडे, गाडी कुठं जायची नाही, तरी सकाळपासून चारदा वर चढून काच पुसली. त्यानं त्यांना सांगितलंही, अहो स्वच्छ आहे. तर म्हणाले, नाही, अजून धूळ आहे.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि समोर बघितलं. काचेवर एक ठिपका नव्हता. त्यांचा फडका स्टेअरिंगवर नीट घडी घालून ठेवलेला होता, अजून ओला. तो पिशवीत टाकला आणि खाली उतरले.